वीज-पाण्याची बिलं आणि भरण्याची जोडणी : प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

काम आजपासून सुरू. कंपनी वीज आणि पाणी दोन्ही पुरवते, पण बिलं दोन वेगळ्या प्रणालींतून निघतात. भरणा येतो सहा वाटांनी: खिडकीवर रोख, धनादेश, बँकेतून आपोआप होणारी वजावट, कार्ड, मोबाइल ॲप आणि आमच्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या संस्थांची रात्रीची फाइल. प्रत्येक वाट दोन्ही प्रणालींना स्वतंत्रपणे जोडलेली आहे, म्हणजे बारा जोडण्या. प्रत्येकीचे नियम वेगळे आणि त्यातले बरेचसे कुठेच लिहून ठेवलेले नाहीत. या सगळ्यांच्या जागी मधे एकच भरणा हब बसवायचा आहे.

हे काम मी मागून घेतलं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीत असताना एका बाईंचा वीजपुरवठा पैसे भरलेले असताना तोडला गेला. त्या पावती घेऊन कार्यालयात आल्या होत्या. पावतीवर आदल्या दुपारची वेळ स्पष्ट छापलेली होती. मी फाइल उघडून पाहिली तर त्यांची ओळ तिच्यात होती, पण ग्राहक क्रमांकाच्या आधी एक स्पेस पडली होती. तेवढ्यावरून प्रोग्रामने ती ओळ नाकारून चुकांच्या फाइलमध्ये टाकली. ती फाइल सकाळी दहानंतर बघायची पद्धत होती आणि तोडणीची यादी आठला निघत असे.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात आहे. ग्राहकाने पैसे दिले तो क्षण आणि आमच्या खतावणीत ते उमटले तो क्षण, यांच्यामधला वेळ कोणी सोसायचा? माझ्या मते कंपनीने. या प्रकल्पात जे काही बांधेन ते या उत्तराला धरून असेल.

५ मार्च, बुधवार

वसुली विभागात दिवसभर बसलो. उचंत खातं तिथल्या एक वरिष्ठ मॅडम सांभाळतात. कोणाचे ते न कळलेले पैसे या खात्यात ठेवले जातात. संगणकावर यादी आहेच, शिवाय त्यांच्याकडे एक जाड वही आहे. कोणत्या खिडकीवरचा कोण कोणता अंक चुकीचा टाकतो, कोणत्या बँकेच्या फाइलमध्ये क्रमांकाची पुढची शून्यं गळतात, कोणता ग्राहक दर महिन्याला भाडेकरूच्या नावाने पैसे पाठवतो, हे सगळं तिच्यात आहे. पुढची शून्यं बहुतेक वेळा फाइल आधी स्प्रेडशीटमध्ये उघडून पुन्हा जतन केल्यामुळे गळतात, हेही त्यांनीच शोधून काढलेलं आहे. मी परवानगी घेऊन तीन तास नुसत्या नोंदी उतरवून घेतल्या. जुळणीचे नियम या वहीतून काढायचे.

१० मार्च, सोमवार

आजची बैठक फक्त तारखांवर. एका भरण्याला किती तारखा असतात ते फळ्यावर लिहीत गेलो: ग्राहकाने पैसे दिले ती वेळ, वाहिनीने (म्हणजे ज्या वाटेने पैसे आले तिने) फाइल पाठवली ती, बँकेने नोंदवलं ती, बँकेने मूल्य धरलं ती आणि आमच्याकडे खतावणी झाली ती. आयएसओ २००२२ या संदेश-मानकातल्या खाते-उताऱ्यात, कॅम्ट ०५३ मध्ये, बँकेची नोंदणी तारीख आणि मूल्य तारीख अशी दोन स्वतंत्र रकानेच आहेत. आमची जुनी वीज प्रणाली यातलं काहीच ठेवत नाही. तिला फक्त खतावणीची तारीख माहीत आहे आणि विलंब आकार त्यावरून लागतो. म्हणजे मुदतीच्या दिवशी रात्री पावणेबाराला ॲपवरून पैसे भरणाऱ्याला आजवर दंड बसत आला. त्याच्या हातात त्याच तारखेची पावती असूनही.

ठरलं ते असं: विलंब आकारासाठी आणि तोडणीसाठी ग्राहकाने पैसे दिले ती वेळच धरायची. बाकीच्या तारखा हिशेबासाठी जपून ठेवायच्या, एकही टाकून द्यायची नाही. वेळ साठवायची यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणि मुदत मोजायची स्थानिक वेळेने. एका वाहिनीच्या फाइलमध्ये वेळ आहे पण ती कुठली, यूटीसी की स्थानिक, हे कुठेच लिहिलेलं नाही. त्यांना पत्र गेलं आहे.

भरण्याच्या अवस्थाही आज पक्क्या केल्या: सुरू, वाटेत, जमा, परत. 'वाटेत' ही अवस्था मी आग्रहाने घातली. वाहिनीने यशस्वी म्हणून कळवलंय पण पैसे अजून बँकेत दिसलेले नाहीत, अशा भरण्यासाठी ती आहे. हिशेबाच्या दृष्टीने ते पैसे अजून आलेले नाहीत, हे लेखा विभागाचं म्हणणं बरोबर आहे. पण तोडणीच्या यादीच्या दृष्टीने ग्राहक मोकळा झालेला आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि एकाच 'भरलं / नाही भरलं' अशा रकान्यात त्या मावत नाहीत. लेखा प्रमुखांना हे पटायला तासभर लागला. शेवटी पटलं.

१३ मार्च, गुरुवार

ग्राहक क्रमांक.

वीज प्रणालीत बारा अंकी क्रमांक आहे आणि शेवटचा अंक तपास अंक, म्हणजे क्रमांक टाकताना झालेली चूक ओळखण्यासाठीचा. पद्धत लून यांची. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६० मध्ये मिळालं, आणि बँक कार्डांवर आजही तीच पद्धत चालते. उजवीकडून दुसऱ्या अंकापासून एकाआड एक अंक दुप्पट करायचा, उत्तर दोन अंकी आलं तर त्याचे दोन्ही अंक मिळवायचे, मग सगळ्यांची बेरीज दहाने पूर्ण भागली गेली की क्रमांक बरोबर. एखादा अंक चुकला तर हमखास पकडतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरीही जवळजवळ नेहमी पकडतो. अपवाद एकच जोडी, ०९ आणि ९०.

तो अपवाद आज समोर आला. एका ग्राहकाची तक्रार होती की पैसे भरले, जमा नाहीत. उचंत खात्यात काहीच नव्हतं. मॅडमनी क्रमांक कागदावर लिहिला, मधल्या ९० खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "हे उलटं करून बघा." उलटं केलं तर तो दुसऱ्याच एका खऱ्या ग्राहकाचा क्रमांक निघाला आणि पैसे तिकडे सुखरूप जमा होते. मी मागे बसून गणित करून पाहिलं: नऊची दुप्पट अठरा, एक अधिक आठ म्हणजे पुन्हा नऊ. शून्याची दुप्पट शून्य. म्हणून दोन्हीकडून बेरीज सारखीच येते.

याकोबस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत शेजारच्या अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडते. नव्या ग्राहकांच्या क्रमांकांना ती लावता येईल. जुने क्रमांक मात्र बदलायचे नाहीत, हे मी ठामपणे मांडलं. ते लोकांच्या मोबाइलमध्ये जतन आहेत, बँकेला दिलेल्या स्थायी सूचनांत आहेत, घरातल्या फाइलींवर पेनाने लिहिलेले आहेत. त्यापेक्षा पैसे भरण्याआधी पडद्यावर ग्राहकाच्या नावाची काही अक्षरं दाखवायची. माणूस आपलं नाव ओळखतो.

पाणी प्रणालीच्या क्रमांकाला तपास अंक मुळातच नाही. तिथे नाव दाखवणं हाच एक आधार.

१९ मार्च, बुधवार

छोटी नोंद. पाणी प्रणालीत रकमा फ्लोट प्रकारात, म्हणजे बायनरी अपूर्णांक म्हणून, साठवलेल्या आहेत. ०.१ आणि ०.२ मिळवले की संगणकाच्या बायनरी अपूर्णांकात ०.३०००००००००००००००४ येतात, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. तरी ते पैशांच्या रकान्यात राहिलं. हबमध्ये सगळ्या रकमा सर्वांत लहान एककात पूर्णांक म्हणून. शंभराने भागायचं असं कोडमध्ये कुठेही गृहीत धरायचं नाही, चलनाचे दशांश तक्त्यातून घ्यायचे. आयएसओ ४२१७ प्रमाणे जपानी येनला एकही दशांश नाही आणि कुवेती दिनारला तीन आहेत.

२४ मार्च, सोमवार

पेमेंट गेटवे म्हणजे कार्ड आणि ॲपचे पैसे आमच्यासाठी गोळा करणारी सेवा. तिच्याकडून आपोआप येणाऱ्या निरोपाची, वेबहुकची, सही जुळत नव्हती. दोन दिवस गेले. सही एचएमएसी पद्धतीची: संदेश आणि आमची गुप्त किल्ली मिळून एक ठसा काढायचा आणि त्यांनी पाठवलेल्या ठशाशी ताडायचा. दहातले सहा-सात संदेश जुळायचे, बाकीचे नाही. किल्ली चुकली असती तर एकही जुळला नसता, म्हणून गोंधळ वाढला.

आमच्या टीममधल्या सर्वांत नव्या मुलीने जुळलेले आणि न जुळलेले असे दोन गठ्ठे केले आणि नुसत्या रकमा वाचत गेली. न जुळलेल्यांत प्रत्येक रकमेच्या शेवटी शून्य होतं. आलेला संदेश आमचा कोड आधी उलगडायचा, पुन्हा जेसन या मजकूर-रचनेत बांधायचा आणि मग ठसा काढायचा. त्या फेऱ्यात २५०.०० चं २५०.० व्हायचं. माणसासाठी रक्कम तीच, ठशासाठी मजकूर वेगळा. आता संदेश जसा तारेवरून आला त्याच बाइट्सवर आधी सही तपासायची, उलगडायचं नंतर. तिचं निरीक्षण तिच्या नावानिशी अंतर्गत टिपणात लिहिलं आहे. या नोंदी टीमबाहेर जातात म्हणून इथे नाव नाही.

वेबहुक क्रमाने येतील हेही धरून चालायचं नाही. आज 'यशस्वी' आधी आला आणि त्याच भरण्याचा 'सुरू' नंतर. अवस्था मागे जाऊ द्यायची नाही, असा नियम डेटाबेसमध्येच घातला.

३१ मार्च, सोमवार

पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाच्या चौथ्या आवृत्तीतल्या ज्या अटींना मुदत दिली होती त्या आजपासून बंधनकारक. आमच्यावर मुख्य परिणाम भरण्याच्या पानावर: त्या पानात चालणारी प्रत्येक स्क्रिप्ट का आहे हे लिहून ठेवायचं आणि पानात परस्पर बदल झाला तर कळलं पाहिजे. पान तपासलं तर एक जुनी स्क्रिप्ट निघाली. कशासाठी आहे हे कोणालाच सांगता आलं नाही. काढून टाकली.

याच निमित्ताने ग्राहक सेवेच्या शेरा रकान्यात शोध घेतला. लोक फोनवर कार्ड क्रमांक सांगतात आणि ऐकणारा मदतीच्या भरात तो शेऱ्यात टिपून ठेवतो, ही भीती होती. तेरा ते एकोणीस अंकी आणि लून तपासणीत उतरणारे आकडे शोधले. सापडले. आमचे ग्राहक क्रमांक बारा अंकी असल्यामुळे गल्लत झाली नाही. सगळे आकडे पुसले आणि शेरा रकान्यालाच ही तपासणी लावली. आता असा आकडा टाकला तर जतनच होत नाही. सेवेत बसणाऱ्यांशी मी स्वतः बोललो. त्यांच्यावर ठपका ठेवण्यासारखं काही नाही, कारण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

८ एप्रिल, मंगळवार

दुहेरी भरणा. आजची नोंद लांब होणार.

वाहिनी आम्हाला 'या ग्राहकाचे इतके पैसे आले' असं कळवते. आम्ही नोंद करतो, पण उत्तर परत पोहोचण्याआधी टाइमआउट होतो. वाहिनीला कळत नाही की नोंद झाली की नाही, म्हणून ती पुन्हा कळवते. तिने पुन्हा कळवलंच पाहिजे, नाहीतर पैसे हरवतील. तेव्हा एकच गोष्ट दोनदा ऐकूनही एकदाच नोंदवायची ही जबाबदारी ऐकणाऱ्याची.

जुन्या प्रणालीत यावर उपाय होता: ग्राहक क्रमांक, रक्कम आणि तारीख सारखी असेल तर दुसरी नोंद दुहेरी म्हणून टाकून द्यायची. ऐकायला ठीक वाटतं. मी मागच्या टाकलेल्या नोंदी काढून एक एक वाहिनीशी पडताळल्या. त्यातल्या काही खऱ्याखुऱ्या वेगळ्या भरण्यांच्या होत्या. एका कुटुंबाने बिलाचे दोन सारखे भाग करून दोघांनी आपापल्या मोबाइलवरून भरले होते, सतरा मिनिटांच्या अंतराने. दुसरा भाग आमच्या प्रणालीने टाकून दिला. पैसे बँकेत आलेले, ग्राहकाच्या खात्यावर नाहीत, आणि निम्मं बिल थकीत म्हणून नोटीस. त्या घरात आपसात काय बोलणं झालं असेल, कोणी कोणावर विश्वास ठेवला नसेल, याचा विचार दिवसभर मनातून जात नव्हता.

आता ओळख फक्त वाहिनीने दिलेल्या व्यवहार क्रमांकावरून. वाहिनी अधिक व्यवहार क्रमांक यावर डेटाबेसमध्ये एकमेव असण्याचं बंधन. ही ओळख आणि खतावणीची नोंद डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायची, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही. आधी 'पाहिलं का' विचारायचं आणि मग लिहायचं, असं दोन पायऱ्यांत केलं तर दोन निरोप एकाच क्षणी आल्यावर दोन्ही जण 'पाहिलं नाही' असं उत्तर घेऊन पुढे जातात. आज चाचणीत मुद्दाम तसं घडवून पाहिलं. बंधन डेटाबेसमध्ये असल्यामुळे दुसरा निरोप अडला आणि त्याला पहिल्याचंच उत्तर मिळालं.

एकाच रकमेचे जवळजवळ आलेले भरणे आता टाकले जाणार नाहीत. दोन्ही जमा होतील आणि माणसाच्या नजरेखाली एक सूचना येईल. ग्राहकाने चुकून दोनदा भरले असतील तर जादा रक्कम त्याच्या खात्यावर आगाऊ म्हणून दिसेल आणि मागितली तर परत जाईल. जादा पैसे दिसणं आणि दिलेले पैसे न दिसणं, या दोन चुकांत पहिली मी केव्हाही पत्करेन.

१५ एप्रिल, मंगळवार

एकत्रित बिल १,००० चं असेल, त्यात वीज ७०० आणि पाणी ३००, आणि ग्राहकाने ५०० भरले, तर ते कुठे लावायचे? आजवर जी प्रणाली आधी चालू व्हायची ती घ्यायची. म्हणजे रात्रीच्या कामांच्या वेळापत्रकावरून घरातली वीज तुटणार की पाणी, हे ठरत होतं. इतकं महत्त्वाचं काम असं कोणी न ठरवता चाललेलं पाहून मी बैठकीत थोडा मोठ्याने बोललो.

निर्णय: सर्वांत जुनी थकबाकी आधी. एकाच तारखेच्या बिलात रकमेच्या प्रमाणात, म्हणजे वरच्या उदाहरणात ३५० आणि १५०. विलंब आकार सगळ्यांत शेवटी, म्हणजे भरलेले पैसे आधी मूळ देण्यातून वजा होतील आणि दंडावर दंड चढणार नाही. ग्राहकाने स्वतः सांगितलं की हे पाण्याचेच, तर त्याचं ऐकायचं. वादातलं बिल बाजूला ठेवायचं. हा नियम आता कोडमध्ये गाडलेला नाही, तक्त्यात आहे. उद्या नियामकाचा आदेश बदलला तर तक्ता बदलेल.

२३ एप्रिल, बुधवार

बिल रद्द करून नवं काढणं. पाच अंकी मीटरचं मागचं रीडिंग ९९,९५० होतं, चालू ०००३०. आकडे फिरून शून्यावर आले, वापर ८० युनिट. जुन्या प्रणालीत कोणीतरी हातानं ९९,९२० युनिटचं बिल काढलं होतं, ऋण चिन्ह चुकीने पुसून. ते रद्द झालं, ८० युनिटचं नवं निघालं. दरम्यान ग्राहकाने वेगळं भरलेलं मागचं बिलही ते रद्द करण्याच्या ओघात सापडलं, आणि त्याचे पैसे रद्द बिल क्रमांकाला चिकटून लोंबकळत राहिले.

कारण भरणा बिलाला बांधलेला होता. हबमध्ये भरणा खात्याला बांधलाय. कोणत्या बिलापोटी किती, हे वाटप वेगळी नोंद आहे आणि ते सोडवून पुन्हा लावता येतं. भरण्याच्या मूळ नोंदीला कोणी हात लावायचा नाही. चूक दुरुस्त करायची ती उलट नोंद टाकून, खोडून नाही. इटलीचे गणिती लुका पाचोली यांनी हिशेबाची दुहेरी नोंदीची पद्धत १४९४ मध्ये छापून मांडली. प्रत्येक नाव्याला जमा हवीच, हा नियम डेटाबेसमध्ये लिहिताना तिची ताकद पुन्हा जाणवली.

२ मे, शुक्रवार

गेटवेच्या सेटलमेंटचा, म्हणजे त्याने गोळा केलेले पैसे आमच्या बँकेत देण्याचा, ताळमेळ. लेखा विभागातल्या दोघांना हा भाग नेहमी गूढ वाटायचा, म्हणून एक लहान उदाहरण कागदावर मांडलं. तीन भरणे: १,०००, ५०० आणि २५०. बेरीज १,७५०. गेटवेचं शुल्क एक टक्का धरलं तर १७.५०. मागच्या आठवड्यातला २५० चा एक व्यवहार ग्राहकाच्या बँकेने चार्जबॅक केला, म्हणजे पैसे परत मागितले, तोही यातूनच वळता. बँकेत आले १,४८२.५०, एकाच ओळीत, तिन्ही नावांचा उल्लेख नाही.

पहिल्या ग्राहकाच्या खात्यावर १,००० च जमा व्हायचे, ९९० नाही. शुल्क हा कंपनीचा खर्च, वेगळ्या खात्यावर नावे. चार्जबॅकचे २५० त्या जुन्या ग्राहकाच्या खात्यावर पुन्हा नावे, त्याला कळवून. मग गेटवेचा तपशील, बँकेचा उतारा आणि आमची खतावणी, तिन्ही बाजू शेवटच्या दशांशापर्यंत जुळल्या पाहिजेत. आजवर फक्त बँक आणि खतावणी जुळवत होते आणि फरक 'शुल्क' म्हणून लिहून मोकळे होत होते. त्या 'शुल्कात' काही भरणे गाडलेले असणार. मागचे काढायला घेतलेत.

९ मे, शुक्रवार

प्रीपेड मीटर. पैसे भरले की वीस अंकी टोकन मिळतं, ते मीटरमध्ये टाकायचं. आमचे मीटर एसटीएस या प्रीपेड टोकनांच्या मानकाचे. टोकनमध्ये वेळेचा शिक्का असतो, मीटरच्या जुन्या गुप्त किल्लीवर १ जानेवारी १९९३ पासूनची मिनिटं, चोवीस बिटांत. चोवीस बिटांत १,६७,७७,२१६ मिनिटं मावतात, ती २४ नोव्हेंबर २०२४ ला संपली. त्याआधी जगभरातल्या अशा मीटरमध्ये किल्ली बदलण्याची टोकनं टाकावी लागली, म्हणजे मोजणी नव्या तारखेपासून धरता येते. आमचेही बदलले होते, पण काही बंद घरांतले राहून गेले. अशा मीटरसाठी पैसे घेऊन नवं टोकन दिलं तर मीटर ते घेणारच नाही. म्हणून हबमध्ये आधी तपासणी: मीटरची किल्ली बदललेली नसेल तर पैसे घेण्याआधीच किल्ली बदलाची टोकनं द्यायची.

दुसरा मुद्दा: टोकन दिल्यावर भरणा परत गेला तर टोकन मागे घेता येत नाही. वीज वापरली जाईल. ती रक्कम थकबाकी म्हणून धरायची, पुढच्या भरण्यातून थोडी थोडी वळती करायची. एकदम सगळी नाही. पुढच्या वेळी माणूस पैसे भरून अंधारात बसू नये.

१७ मे, शनिवार

कटओव्हरची, म्हणजे जुन्या वाटा सोडून हबवर जाण्याची, रंगीत तालीम. शिलका नव्या खतावणीत चढवल्या आणि बेरीज जुळली नाही. आम्ही चौघे प्रोग्राम तपासत बसलो. लेखा विभागातले एक निवृत्तीला आलेले साहेब म्हणाले, "फरक दोनने भागा. चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम दुप्पट दिसते. दोनने नाही जमलं तर नऊने, म्हणजे आकडे उलटे पडलेत." दोनने भागलं आणि निम्मा आकडा आगाऊ जमा असलेल्या पाणी ग्राहकांच्या बेरजेशी तंतोतंत जुळला. जुनी पाणी प्रणाली ऋण चिन्ह आकड्याच्या शेवटी लिहिते, १२५.०० आणि मग वजा. आमच्या वाचकाने शेवटचं चिन्ह सोडून दिलं होतं. ज्यांनी पैसे आधी भरून ठेवले तेच थकबाकीदार ठरले असते.

बेरीज जुळली म्हणून थांबायचं नाही, असंही ठरवलं. दोन उलट चुका एकमेकींना झाकतात. प्रत्येक खात्याची शिलक जुनी-नवी शेजारी ठेवून ताडायची, सगळ्या खात्यांची.

२४ मे, शनिवार

कटओव्हर. रात्री नऊला जुन्या वाटा बंद. वाहिन्यांना आधी कळवलं होतं, तरी एकीची फाइल साडेनऊला जुन्या पत्त्यावर आली. पत्ता चालूच ठेवला होता, फाइल हबकडे वळवली. पहाटे साडेतीनला शेवटचं खातं ताडून झालं. फरक शून्य.

२८ मे, बुधवार

तोडणीची पहिली यादी हबमधून निघाली. यादी निघताना आणि कर्मचारी दारात पोहोचल्यावर, असं दोनदा विचारायचं ठेवलं आहे: या खात्यावर काही 'वाटेत' आहे का? दुसरी विचारणा कर्मचाऱ्याच्या हातातल्या यंत्रातून होते आणि उत्तर आल्याशिवाय तोडणीचं बटण उघडत नाही. नेटवर्क नसेल तर तोडायचं नाही. यावर वसुली प्रमुखांचा आक्षेप होता, की लोक नेटवर्कचं निमित्त करतील. मी म्हटलं, एक दिवस उशिरा तोडल्याने कंपनीचं जे नुकसान होतं ते भरून काढता येतं.

सकाळच्या यादीतले ११ जण दारात पोहोचण्याआधी 'वाटेत' निघाले. अकराही पुरवठे चालू राहिले. संध्याकाळपर्यंत त्यातले दहा जमा झाले. एक परत गेला, खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने. त्याला नेहमीची नवी नोटीस जाईल.

६ जून, शुक्रवार

मागच्या गेटवे-ताळमेळात गाडलेले भरणे सापडायला लागलेत. प्रत्येकाला मूळ तारखेने जमा, त्या काळात लागलेला विलंब आकार उलट. विधी विभागाला वाटलं होतं की नुसतं जमा करून पुरे. पत्रही पाठवायचं ठरवून घेतलं, चूक आमची होती असं साध्या शब्दांत लिहून.

१२ जून, गुरुवार

उचंत खात्यातली जुनी यादी मॅडमबरोबर संपवत आणली. वहीतल्या नियमांनी बहुतेक नोंदी आपोआप जुळल्या. शेवटी एक उरली. नऊ महिने दर महिन्याला सारखीच रक्कम, सारख्याच तारखेला, आणि ग्राहक क्रमांकाच्या जागी भलताच आठ अंकी आकडा. कुठल्याच क्रमांकाशी जुळत नव्हता. मॅडमनी आकडा दोनदा वाचला आणि मीटर बदलीचं रजिस्टर मागवलं. तो काढून टाकलेल्या जुन्या मीटरचा अनुक्रमांक होता. मीटरवर छापलेला असतो, भिंतीवर असतो, रोज दिसतो. भरणाऱ्याने तोच आपला क्रमांक समजून बँकेला स्थायी सूचना दिली होती.

रजिस्टरवरून खातं सापडलं. नऊ महिन्यांची थकबाकी, चार नोटिसा, आणि मेच्या यादीत नाव. नेटवर्क नसल्यामुळे २८ तारखेला कर्मचारी न तोडता परत आला होता.

नऊही भरणे आपापल्या तारखेने जमा केले, विलंब आकार शून्य झाला, खातं ४० ने आगाऊ निघालं. मॅडमनी मला न सांगता तिथूनच फोन लावला. पलीकडून वयस्कर आवाज येत होता. "काका, तुमचे पैसे सगळे पोचलेत," त्या म्हणाल्या, "पहिल्या महिन्यापासूनचे." मग त्यांनी खरा ग्राहक क्रमांक एक एक अंक करून सांगितला, तिकडून लिहून होईपर्यंत थांबल्या आणि परत वाचून घेतला.